चार मापं, चार याद्या: गावातली ‘मुख्य’ बाई शोधायची कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते इतरांनाही कळेल. तुमची संस्था मराठवाड्यातल्या एका तालुक्यात महिला बचत गटांबरोबर काम करते. शेळ्या पाळणाऱ्या बायकांपर्यंत दोन गोष्टी पोचवायच्या आहेत: पावसाळ्याआधीच्या लसीकरण शिबिरांच्या तारखा आणि मुरघास (हवाबंद मुरवून साठवलेला हिरवा चारा) करायची पद्धत. घरोघरी जाऊन सांगण्याएवढी माणसं तुमच्याकडे नाहीत, म्हणून दर गावात चार-पाच जणी निवडून त्यांच्यामार्फत हे पसरवायचं ठरलं. त्यासाठी तुम्ही गावागावाचा ग्राफ काढला. प्रत्येक बाई म्हणजे एक बिंदू. दोघी एकाच बचत गटात किंवा एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असतील तर त्यांच्यात एक रेघ. मग सॉफ्टवेअरमधून डिग्री (म्हणजे थेट ओळखी किती), क्लोजनेस, बिटवीननेस आणि आयगेनव्हेक्टर ही चारही मापं काढली, आणि पहिल्या पाच जणींच्या चार वेगवेगळ्या याद्या हातात आल्या. यातली खरी यादी कोणती, असं तुम्ही विचारलंय.

चारही खऱ्या आहेत. तुमचा हिशेब कुठे चुकलेला नाही. ही चार मापं चार निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि त्यातला तुमचा प्रश्न कोणता हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. ‘सगळ्यात महत्त्वाची कोण’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. ‘कशासाठी आणि किती दिवसांत’ हे पुढे जोडलं की मग उत्तर निघतं. पण त्याहून मोठी अडचण याद्यांच्या आधीची आहे, ती म्हणजे तुमच्या रेघा. तिथूनच सुरुवात करते, कारण रेघच चुकीची ओढली असेल तर पुढे कितीही भारी माप लावा, उपयोग नाही.

तुमची रेघ सांगते की दोघी एका गटात आहेत. बचत गटापुरतं हे चालून जाईल. दहा-बारा जणी नियमित एकत्र बसतात, बचत जमा करतात, कोणाला कर्ज द्यायचं ते ठरवतात. त्या एकमेकींना ओळखतातच. बारा जणींच्या गटात अशा ६६ रेघा होतात. गावात दहा गट धरले तर ६६०. आता त्याच ग्राफमध्ये गावाचा दोनशे जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप घाला. त्या एकट्या ग्रुपच्या रेघा होतात १९,९००! म्हणजे एकूण रेघांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त रेघा अशा एका ग्रुपमधून आल्या, जिथे बहुतेक जण सणाच्या शुभेच्छांपलीकडे काही टाकत नाहीत. तुमची डिग्रीची यादी प्रत्यक्षात ‘स्मार्टफोन कोणाकडे आहे’ याची यादी असण्याची दाट शक्यता आहे. त्या यादीत तरुण, शिकलेल्या सुना वर आणि दारात वीस शेळ्या असलेली पन्नाशीची बाई तळाला असेल, तर माझा अंदाज बरोबर आहे असं समजा.

दुसरी काहीच माहिती नसेल तर यावर एक तात्पुरती डागडुजी आहे. प्रत्येक रेघेला गटाच्या आकाराप्रमाणे वजन द्यायचं: गटात एकूण जितक्या जणी, त्यातून एक वजा करायचा आणि त्या आकड्याने एकाला भागायचं. बारा जणींच्या गटातली रेघ मग १/११ वजनाची आणि दोनशेंच्या ग्रुपमधली १/१९९ वजनाची. गट लहान असो की मोठा, त्यातून प्रत्येक बाईच्या वाट्याला सारखंच वजन येतं. अशी डिग्री ‘ही किती गटांत आहे’ एवढंच सांगते. फार काही नाही, पण निदान जे सांगते ते खरं असतं.

माझा सल्ला मात्र असा की गटांच्या नोंदींवर विसंबूच नका, जाऊन विचारा. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी दक्षिण कर्नाटकातल्या ७५ गावांत हेच केलं. सूक्ष्म कर्जाची बातमी गावात कशी पसरते हे त्यांना बघायचं होतं. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना ‘तुमचे मित्र कोण’ असा मोघम प्रश्न विचारला नाही. रॉकेल किंवा तांदूळ उसने लागले तर कोणाकडे जाता, अडीनडीला पैसे कोणाकडे मागाल, कोणाच्या घरी येणंजाणं आहे, सल्ला कोणाचा घेता, देवळात कोणाबरोबर जाता, असे रोजच्या व्यवहारातले प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाचा ग्राफ वेगळा होतो, आणि तो तसा वेगळा ठेवता येतो.

तुमच्या कामाला दोन प्रश्न पुरतील. ‘शेळी आजारी पडली तर घराबाहेर आधी कोणाला विचारता?’ आणि ‘गेल्या आठवड्यात घराबाहेरच्या कोणाकोणाशी बसून बोलणं झालं?’ पहिला मुरघासासाठी, दुसरा शिबिराच्या तारखांसाठी. दोन्हींची उत्तरं एका ग्राफमध्ये कालवू नका. असं कालवणं फार वेळा बघितलं आहे, आणि त्यातून निघणारी यादी कोणत्याच कामाची नसते.

विचारताना तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, सल्ल्याच्या रेघेला दिशा असते. मी तिला विचारते म्हणजे ती मला विचारते असं नाही. सॉफ्टवेअर न सांगता दिशा पुसून टाकू शकतं, तेव्हा ग्राफ भरताना ती सेटिंग तपासा. दुसरी, ‘पाच नावं सांगा’ असं विचारलंत तर प्रत्येकीच्या बाहेर जाणाऱ्या रेघा पाचांवर अडतात, मग त्या मोजण्यात अर्थ उरत नाही. आत येणाऱ्या रेघा, म्हणजे तिचं नाव किती जणींनी घेतलं, तेवढंच मोजा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती तुमच्या भागात फार जाणवेल. ग्राफमध्ये नसलेल्या बायका. गटात नसलेल्या म्हाताऱ्या, नुकती लग्न होऊन आलेली सून, आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली घरंच्या घरं. जानेवारीत काढलेला गावाचा ग्राफ आणि मे महिन्यात काढलेला ग्राफ ही दोन वेगळी गावं असू शकतात. लसीकरण पावसाळ्याआधी असेल तर माहिती एप्रिल-मेमध्ये गोळा करा, तोवर ऊसतोडीची घरं परत आलेली असतात. शेळ्या बहुतेक वेळा त्याच घरांकडे असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. लग्न होऊन आलेल्या बाईचं गावातलं जाळं बऱ्याचदा नवऱ्याच्या भावकीतून सुरू होतं. त्यामुळे जावा-जावा, वस्ती आणि जात यांच्या आत रेघा दाट असतात आणि वस्त्यांच्या मधे विरळ. हा तुमच्या सर्वेक्षणाचा दोष नाही, गावाची रचनाच तशी असते. पुढचं सगळं या विरळ जागांभोवती फिरतं.

आता मापांकडे. चार याद्या वेगळ्या का येतात हे कागदावर पाच मिनिटांत बघता येईल असं एक काल्पनिक गाव देते. गावठाणात पाच बायका, सगळ्या एकमेकींना ओळखतात. ओढ्यापलीकडच्या वस्तीत पाच बायका, त्याही सगळ्या एकमेकींना ओळखतात. मधे रस्त्यावर पिठाची गिरणी चालवणारी एक. ती गावठाणातल्या एकीशी आणि वस्तीतल्या एकीशी बोलते, बाकी कोणाशी नाही. एकूण अकरा बिंदू, बावीस रेघा. गिरणीवालीशी ओळख असलेल्या त्या दोघींना आपण ‘दुव्यावरच्या’ म्हणू.

गिरणीवालीची डिग्री २, म्हणजे सगळ्यांत कमी. दुव्यावरच्या दोघींची ५, बाकी आठ जणींची ४. डिग्रीप्रमाणे गिरणीवाली शेवटची. बिटवीननेस मोजतं की इतर दोघींमधल्या सगळ्यात जवळच्या वाटेवर ही किती वेळा येते. गावठाण आणि वस्ती यांच्यातल्या पंचवीसच्या पंचवीस जोड्यांची वाट गिरणीवरून जाते, म्हणून तिचे २५. दुव्यावरच्या दोघींचे प्रत्येकी २४. बाकी आठ जणींचे शून्य. म्हणजे बिटवीननेसप्रमाणे गिरणीवाली पहिली. क्लोजनेससाठी तिच्यापासून सगळ्यांपर्यंतची अंतरं मिळवा: तिची बेरीज १८, दुव्यावरच्यांची १९, बाकीच्यांची २५. बेरीज जितकी कमी तितकी बाई मध्यावर, म्हणून इथेही तीच पहिली. आयगेनव्हेक्टरचं तत्त्व असं की जिच्या ओळखीच्या बायका स्वतः भरपूर ओळखीच्या, ती मोठी. गिरणीवालीला दोनच ओळखी, त्यामुळे दुव्यावरच्यांच्या निम्म्याहूनही कमी गुण घेऊन ती पुन्हा शेवटची.

एकच बाई, दोन मापांनी पहिली, दोन मापांनी शेवटची. तुमच्या चार याद्यांमागे हेच घडलंय, फक्त तुमचं गाव मोठं असल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही.

मग शिबिराची तारीख गिरणीवालीला सांगायची का? ती सगळ्यांपासून दोन पावलांच्या आत आहे, तेव्हा मोह होतो. पण क्लोजनेस असं धरून चालतं की बातमी सगळ्यात जवळच्या वाटेने, न अडखळता, शेवटपर्यंत जाते. माणसं तशी वागत नाहीत. जेफ्री ट्रॅव्हर्स आणि स्टॅनली मिलग्रॅम यांच्या १९६९ साली छापलेल्या प्रयोगात नेब्रास्का आणि बोस्टनमधल्या लोकांना एक पाकीट ओळखीओळखीने बोस्टनमधल्या एका शेअर दलालापर्यंत पोचवायचं होतं. २१७ जणांनी पाकीट पुढे पाठवलं, पोचली ६४. जी पोचली त्यांच्या वाटेत सरासरी पाच-साडेपाच मध्यस्थ निघाले, आणि ‘सहा पावलांत जग’ या बोलण्याला त्यातून जोर मिळाला. उरलेल्या दीडशेहून जास्त पाकिटांबद्दल कोणी बोलत नाही. वाट असणं वेगळं आणि त्या वाटेने कोणी जाणं वेगळं.

आपल्या गावात हे घालून बघा. समजा प्रत्येक बाई आपल्या प्रत्येक ओळखीच्या बाईला बातमी सांगेल याची शक्यता निम्मी. गिरणीवालीला दोनच ओळखी. तिने दोघींपैकी कोणालाच सांगितलं नाही, असं होण्याची शक्यता चारात एक. दुव्यावरच्या बाईला पाच ओळखी, तिच्याजवळ बातमी विरण्याची शक्यता बत्तिसात एक. पुलावर उभी असलेली बाई बातमी थांबवूही शकते, मुद्दाम नाही तर विसरून.

याचा अर्थ बिटवीननेस निरुपयोगी असा नाही. ते सत्तेचं माप आहे, प्रसाराचं नाही. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सचं उदाहरण या क्षेत्रात पाठ्यपुस्तकी झालंय: जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर अॅन्सेल यांनी तिथल्या बड्या घराण्यांतल्या सोयरिकींचा ग्राफ मांडला. स्ट्रोझी घराणं मेदिचींपेक्षा श्रीमंत होतं, पण इतर घराण्यांच्या जोड्यांमधल्या निम्म्याहून जास्त जवळच्या वाटा मेदिचींवरून जात होत्या. स्ट्रोझींवरून सुमारे दहा टक्के. शहर मेदिचींच्या हातात गेलं. तुमच्या तालुक्यात बिटवीननेसच्या यादीत वर येणारी बाई, मग ती ग्रामसंघाची (गावातल्या बचत गटांच्या संघाची) अध्यक्ष असो किंवा दोन वस्त्यांत ऊठबस असलेली आशाताई, तिला विश्वासात घ्या, तिला आधी भेटा, तिचा विरोध नसेल हे बघा. पण सगळा भार तिच्या एकटीवर टाकू नका.

आता वेळेचा प्रश्न, आणि इथे डिग्री की आयगेनव्हेक्टर हे वादाने ठरवायची गरज नाही. वर सांगितलेल्या कर्नाटकाच्या अभ्यासात लेखकांनी ‘डिफ्युजन सेंट्रॅलिटी’ नावाचं माप मांडलं. ते दोन आकडे मागतं: एकीने दुसरीला सांगण्याची शक्यता किती, आणि बातमी किती फेऱ्या फिरणार. एकच फेरी धरली तर हे माप थेट डिग्रीसारखं वागतं. फेऱ्या खूप धरल्या आणि सांगण्याची शक्यता पुरेशी जास्त असली तर ते आयगेनव्हेक्टरकडे सरकतं. शिबिर परवा असेल तर बातमीला एखाद-दुसरीच फेरी मिळते, तेव्हा जिच्या थेट ओळखी जास्त तीच कामाची. शिबिर महिन्याभरावर असेल तर जिच्या ओळखीच्या बायकांच्या ओळखी दांडग्या, ती बरी. तुम्ही तारखा किती दिवस आधी जाहीर करता हे प्रश्नात लिहिलेलं नाही. तेवढं ठरलं की या दोन याद्यांपैकी एक आपोआप बाजूला पडेल.

इथवरचं थोडक्यात: रेघा व्यवहारातल्या प्रश्नांवरून ओढा, शिबिराचा ग्राफ आणि मुरघासाचा ग्राफ वेगळा ठेवा, आणि माप हातातल्या दिवसांवरून निवडा. आता मुरघासाकडे येते, कारण तिथे गणित उलटं होतं.

शिबिराची तारीख एकदा ऐकली की कळली. कोणी सांगितली याने फारसा फरक पडत नाही, आणि ती दूरच्या ओळखीतून आली तरी चालते. बऱ्याचदा तिथूनच येते. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ साली छापलेल्या अभ्यासात बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्या ओळखीच्या माणसाकडून नोकरीची खबर मिळाली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे. वारंवार भेटणारे सतरा टक्क्यांच्या आसपास निघाले, अधूनमधून भेटणारे छप्पन्न, क्वचित भेटणारे अठ्ठावीस. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. नवी खबर बाहेरून येते. म्हणून तारखांसाठी वस्त्यांमधल्या विरळ रेघा सोन्याच्या.

मुरघास असा पसरत नाही. मका कापायचा, कुट्टी करायची, पिशवीत दाबून हवाबंद करायचा आणि सुमारे दीड महिना उघडायचा नाही. बाईच्या मनात पहिला प्रश्न येतो: आतल्या आत सडला तर? दुसरा प्रश्न, शेळ्या तोंड लावतील का? आणि तिसरा, जो ती बोलून दाखवत नाही: वाया गेला तर घरात कोण काय म्हणेल? अशा गोष्टीला एकीने सांगून भागत नाही. शेजारच्या दोघी-तिघींनी केलेला दिसावा लागतो. डेमन सेंटोलाने २०१० साली एक प्रयोग छापला. इंटरनेटवरच्या एका आरोग्यविषयक गटात लोकांना दोन प्रकारच्या जाळ्यांत ठेवलं. दोन्हींत प्रत्येकाला शेजारी तितकेच, पण एका जाळ्यात ते शेजारी आपापसातही जोडलेले, दुसऱ्यात रेघा कशाही विखुरलेल्या. नव्या सेवेत नाव नोंदवायचं होतं. दाट, गुंतलेल्या जाळ्यात सुमारे ५४ टक्के लोकांनी नोंदवलं, विखुरलेल्यात ३८ टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या ओळखीच्या माणसाकडून तेच कानावर आलं की माणूस हलतो, आणि हे दाट जाळ्यातच घडतं.

म्हणून मुरघासासाठी पाच जणी पाच कोपऱ्यांत पेरू नका. एकाच वस्तीतल्या, एकमेकींच्या अंगणात सहज जाणाऱ्या तिघी-चौघींना एकाच वेळी मुरघास करू द्या. एखादा आख्खा बचत गट घेतलात तर उत्तम. पिशवी उघडायच्या दिवशी पलीकडच्या वस्तीतल्या दोघी-तिघींना बोलवा. एकटीला नको, एकटी परत जाऊन सांगेल तेव्हा ती सांगोवांगी होते, दोघी-तिघी बघून गेल्या की त्यांच्यात आपापसात बोलणं सुरू होतं. तुमच्याकडे पशुसखी (जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या बायका) असतील तर या उघडण्याच्या वेळी त्यांना हजर ठेवा, शंका तिथेच मिटतात.

हे झालं कुठल्या प्रकारच्या बाईला निवडायचं याबद्दल. पण तुम्हाला एक नाही, चार-पाच निवडायच्या आहेत, आणि यादीतल्या पहिल्या पाच घेणं ही या कामात मला दिसणारी सगळ्यात नेहमीची चूक. मघाच्या काल्पनिक गावात गावठाणात पाचऐवजी आठ बायका धरा, वस्तीत पाचच ठेवा. आता गावठाणातल्या प्रत्येकीची डिग्री ७ किंवा ८, आणि वस्तीतली सगळ्यात ओळखीची बाई ५ वर. डिग्रीप्रमाणे पहिल्या पाचही गावठाणातल्या. आयगेनव्हेक्टरप्रमाणेही तेच. पाच बायका एकमेकींनाच तारीख सांगत बसणार, आणि ओढ्यापलीकडे ती एका गिरणीच्या भरवशावर जाणार. शेळ्या कुठे जास्त असतील हे तुम्हाला मी सांगायला नको.

यावर उपाय सोपा आहे. पहिली बाई निवडा. मग असा प्रश्न विचारा, की हिच्यामुळे जिथे पोचतंच आहे ते सोडून नव्याने सगळ्यात जास्त ठिकाणी कोण पोचवेल? ती दुसरी. मग तिसरी, चौथी, तशीच. डेव्हिड केंपे, जॉन क्लाइनबर्ग आणि एव्हा तार्डोस यांनी २००३ मध्ये सिद्ध केलं की साध्या प्रसारासाठी अशा पायरीपायरीच्या निवडीतून सर्वांत चांगल्या शक्य संचाच्या निदान ६३ टक्के तरी पोच मिळते. व्यवहारात बहुधा त्याहून जास्त मिळते. संगणक नसेल तर कागदावर वस्त्यांप्रमाणे नावं लिहा आणि प्रत्येक वस्तीतून एक तरी घ्या. चार तासांच्या गणिताचं बरंचसं काम या अर्ध्या तासात होतं.

खरं सांगायचं तर तारखांच्या बाबतीत तुम्हाला ग्राफ लागणारही नाही. कर्नाटकाच्या अभ्यासातल्याच संशोधकांनी पुढे वेगळा रस्ता धरला: गावातल्या काही जणांना नुसतं विचारायचं, की असं कोण आहे, ज्याला एखादी गोष्ट सांगितली की ती गावभर होते? हरियाणातल्या पाचशेहून अधिक गावांच्या प्रयोगात बाळांच्या लसीकरणासाठी काही गावांत अशी नावं गोळा करून त्या लोकांना शिबिरांची आठवण देणारे निरोप पाठवले. यदृच्छया निवडलेल्या लोकांना निरोप पाठवलेल्या गावांपेक्षा इथे लसीकरण २२ टक्क्यांनी जास्त झालं. गावाला स्वतःचा ग्राफ माहीत असतो. बाईला डिग्री म्हणजे काय ते सांगता येणार नाही, पण ‘हिच्या कानावर घातलं की झालं’ हे ती डोळे मिटून सांगेल. आणि ते नाव पुष्कळदा सरपंचबाईंचं किंवा अध्यक्षांचं नसतं.

हे इतकं चालतं यामागे एक गणिती गंमतही आहे. स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की तुमच्या मित्रांना सरासरीने तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात. फेसबुकच्या २०११ च्या आकड्यांत माणसाला सरासरी १९० मित्र होते, आणि त्या मित्रांना सरासरी ६३५. कारण सरळ आहे: जिला शंभर जणी ओळखतात ती शंभर याद्यांत येते, जिला दोघी ओळखतात ती दोनच याद्यांत. म्हणून गावात चिठ्ठ्या टाकून दहा घरं निवडली आणि त्यांना ‘एक नाव सांगा’ म्हटलं, तर पुढे आलेल्या बायका त्या दहा जणींपेक्षा जास्त ओळखीच्या निघण्याची शक्यता मोठी. घरं मात्र खरंच चिठ्ठ्या टाकून निवडा. तुमची कार्यकर्ती रस्त्याकडेच्या घरांत शिरली तर रस्त्याकडेचीच नावं मिळतील.

मुरघासासाठी मात्र नुसती नावं विचारून भागणार नाही. कोणाच्या अंगणात कोण जातं हे माहीत असायला हवं, म्हणून तिथे सल्ल्याचा ग्राफ काढण्याचे कष्ट घ्या, तेही दोन-तीन गावांतच.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. तालुक्यातल्या गावांपैकी काही गावं बाजूला ठेवा, जिथे नेहमीच्याच पद्धतीने, म्हणजे बैठकीत जाहीर करून, शिबिर सांगितलं जाईल. ही गावंही चिठ्ठ्या टाकूनच निवडा. शिबिरात लस टोचलेल्या शेळ्यांची नोंद तशीही होते. ती गावाप्रमाणे मागून घ्या. त्याशिवाय निवडलेल्या बायकांमुळे फरक पडला की यंदा शिबिर सोयीच्या दिवशी होतं म्हणून, हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी पैसे मागताना तोच प्रश्न विचारला जाईल.

आणि ग्राफची चित्रं. ती सुंदर दिसतात, म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीत भिंतीवर लावायचा मोह होतो. सल्ल्याच्या आणि उसनवारीच्या रेघांमधून कोण कोणाकडे हात पसरते हे उघड होतं, आणि कोणाचं नाव एकीनेही घेतलं नाही तेही. चित्रात नावांऐवजी क्रमांक टाका, नावांची यादी कुलपात ठेवा, आणि उसने पैसे कोणाकडून घेता हा प्रश्न तुमच्या कामाला लागत नसेल तर विचारूच नका. तारखा आणि मुरघास, दोन्हींसाठी तो लागत नाही.